चौकशीची खिडकी

“चौकशीची खिडकी हीच का?”

आता काय म्हणावं! डोक्यावर हातभर पाटी, आणि हा बाबा तिच्याच खाली उभा राहून विचारतोय. अंबिकानं मान वर न करता बोट पाटीकडं दाखवलं. मग मान वर केली… आणि जरा उशिरानंच खाली घातली.

हा उमाशंकर, धर्माबादचा. अंबिका बसायची त्या लातूरच्या दवाखान्यात, चौकशीला उत्तरं देणारं बोलकं मशीन बसवायला आला होता. म्हणजे तिच्याच पोटावर पाय द्यायला. मशीन नीट चाललं की तिची खिडकी बंद होणार होती. तरी चार दिवसांत दोघांचा चहा एकत्र व्हायला लागला. मन काय कुणाला विचारून जडतं?

“तुमचं मशीन समोरच्याचं मन ओळखंल का?” तिनं एकदा विचारलं.

“शिकून राहिलंय. लई शांत हाय. तुमच्यावानी चिडत तर न्हाईच.”

“मी कधी चिडले?”

“बोट दाखवता की…”

तिला हसू आवरेना.

मशीन होतंही गुणी. उदगीरच्या बसम्मा दर थोड्या वेळानं त्याला विचारायच्या, मालकांना भेटायला कधी सोडतील? पाच वाजता, असं ते दर वेळी तितक्याच गोड आवाजात सांगायचं. मग बसम्मा खिडकीशी येऊन तेच विचारायच्या. अंबिका वेळ सांगतच नसे. जेवलात का मावशी, म्हणून विचारी, आणि म्हातारी नवऱ्याच्या गोष्टी सांगत बसे. वेळ त्यांना ठाऊक हाय, एकटं बसवत न्हाई म्हणून विचारतात, असं ती उमाशंकरला म्हणाली. त्यानं ते हसण्यावारी नेलं.

कामाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तो मशीनपाशी उभा होता. स्क्रीनवर शरणप्पांच्या नावापुढं नवी ओळ उमटली. शरणप्पा, म्हणजे बसम्मांचे मालक, गेले होते. आणि तिकडून बसम्मा नेहमीसारख्या विचारायला येत होत्या. मशीननं खरं तेच सांगितलं असतं, त्याच गोड आवाजात. उमाशंकर मशीनच्या मागं वाकला. त्यानं वायरच उपटली.

“अंबिका…” मॅडम म्हणायचंही त्याला सुचलं नाही. “तुम्ही या.”

त्याचा चेहरा बघूनच ती समजली. खिडकी सोडून बाहेर आली, बसम्मांना बाकावर बसवलं, पाणी पाजलं, हात हातात घेतला. सांगता सांगता तिलाच हुंदका फुटला. दोघी कितीतरी वेळ एकमेकींना धरून रडल्या.

संध्याकाळी बसम्मांची माणसं त्यांना घेऊन गेल्यावर उमाशंकर बॅग घेऊन खिडकीशी आला. हे काम एकट्या मशीनचं न्हाई, खिडकी राहू द्या, असं साहेबांना सांगून आलोय म्हणाला. ते ऐकतील की नाही, कुणास ठाऊक. पण अंबिकाला आता खिडकीचं काही वाटत नव्हतं. तो चालला होता, त्यापायी तिचा जीव तुटत होता, आणि हे बोलायचं कसं ते तिला कळत नव्हतं.

“गाडी… गाडी कितीला हाय तुमची?”

सकाळपासून त्यानं हे दोनदा सांगितलं होतं. तो उत्तर द्यायला गेला… आणि थांबला. तिच्या लाल झालेल्या डोळ्यांकडं बघत राहिला. मग त्यानं खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

“पहिल्या दिवशी पाटी मी वाचली होती, अंबिका,” तो म्हणाला. “आधी वाचली, मग विचारलं.”