तांबड्या शाईची गैरहजेरी

मास्तरनं तांबड्या शाईचं पेन उघडलं, फ्रिजवर चिकटवलेल्या तक्त्यातला आजचा चौकोन शोधला आणि त्यात ठसठशीत अक्षरांत लिहिलं... 'गैरहजर'!

स्वयंपाकघराच्या दारात ताई चौकट धरून उभी होती. चौकट सोडली असती तर तिला उभंही राहता आलं नसतं, पण हे मास्तरला ठाऊक नव्हतं. त्यानं शांतपणे पेनाला टोपण लावलं.

"ही सलग तिसरी, ताई. सोमवारी सहा फेऱ्या काय झकास मारल्यास! मंगळवारी दांडी, बुधवारी दांडी, आजही दांडी. असं कसं चालेल?"

"कामं तुंबलीत रे. लोकांचे कपडे द्यायचेत."

"लोकांचे? माझा ट्रॅकसूट महिनाभर खुंटीला लटकतोय! रविवारी शाळेचा क्रीडादिन आहे. नसेल जमत तर तसं सांग, दुसऱ्या शिंप्याकडे टाकतो." दारापर्यंत गेलेला तो पुन्हा वळला. "आणि तुला बरंच व्हायचं नसेल ना, तर तेही सांग. तक्ता काढून टाकतो!"

दार लागलं. जिन्यावरून त्याची ताडताड उतरणारी पावलं ऐकू आली. ताईला एकेकाळी त्या पावलांचा केवढा अभिमान वाटे! आज मात्र प्रत्येक पाऊल तिच्या काळजावर पडल्यासारखं झालं.

मास्तर तिचा धाकटा भाऊ, शाळेत व्यायामशिक्षक. गळ्यातली शिट्टी तो अंघोळीपुरतीच काढत असावा असा घरातल्यांना दाट संशय होता. त्याच्या मते जगातल्या यच्चयावत दुखण्यांवर एकच औषध होतं, ते म्हणजे घाम. सर्दी झाली, पळा. मन उदास झालं, पळा. बायकोशी भांडण झालं तरी हा पठ्ठ्या मैदानाला दोन फेऱ्या मारून यायचा, आणि गंमत म्हणजे तोवर बायकोचा राग खरोखरच उतरलेला असायचा.

वडील गेले, पाठोपाठ आईनं अंथरूण धरलं, तेव्हा ताई पंचवीस वर्षांची होती आणि मास्तर अवघा अकराचा. शिवणयंत्रावर तिनं सगळं घर ओढलं. आई गेल्यावरही ओढतच राहिली... आणि मग एका सकाळी हातातली कात्री तिला उचलवेना. अंगात ताप नव्हता, कुठं जखम नव्हती, तरी उठवेना! डॉक्टरांनी मनाच्या आजारावरची गोळी दिली. गोळीनं ताई उभी राहिली, भावाचं शिक्षण झालं, लग्न झालं. अठरा वर्षं ती गोळी तिनं 'ताकदीची' म्हणून सांगून घेतली. आपल्यापायी ताईचं असं झालं, हा सल त्या पोराच्या मनात रुजू नये, एवढीच तिची तळमळ होती.

गेल्या वर्षी डॉक्टरांच्या सल्ल्यानं तिनं गोळी हळूहळू कमी करत आणली आणि पाच महिन्यांपूर्वी ती पूर्ण सुटली. तेव्हा कुठं ती गोळी खरी कशाची होती ते घरात उघड झालं, आणि मास्तरनं तक्ता आखून तिला मैदानाच्या फेऱ्यांना लावलं. मन सावरलं होतं, पण देह रुसला होता. मैदानावर चालताना बरं वाटायचं, अगदी हुशारी यायची. दुसऱ्या दिवशी मात्र पलंगावर पडल्या पडल्या छाती धडधडायची, हात थरथरायचे, झोप पार पळायची, भांड्याचा आवाजसुद्धा डोक्यात घुमायचा. डॉक्टर म्हणाले होते, "गोळी सुटल्यावर काही जणांना होतं असं. अंगाला झेपेल तेवढंच करा. चालल्यानंतर दोन दिवस शांत गेले, तरच थोडं वाढवा. आणि एकदा भावाला घेऊन या."

ताईनं मान डोलावली, पण भावाला नेलं नाही. कसं नेणार? पहिली फेरी पुरी झाली त्या दिवशी मास्तरचे डोळे भरून आले होते. "ताई, लहानपणी मी कसला मरतुकडा होतो! तू बोट धरून मैदानावर नेलंस, पळवलंस, माणूस केलंस. आता माझी पाळी!" त्या कृतार्थ चेहऱ्याला काय सांगायचं, की बाबा रे, तुझ्या औषधानंच मी आडवी होते?

भावजयीला मात्र सगळं दिसत होतं. ताईनं तिला शपथ घालून गप्प केलं होतं.

त्या सकाळी ताईनं मनाशी निश्चय केला. उद्या काहीही होवो, सात फेऱ्या मारायच्या... त्या पोराच्या तोंडून 'बरंच व्हायचं नसेल' हे पुन्हा ऐकायचं नाही! तिनं ट्रॅकसूट खुंटीवरून काढला, यंत्रावर बसली, वीतभर शिवण घातली. तेवढ्यानंच कानात ठोके वाजू लागले. सूट पुन्हा खुंटीला लावून ती पलंगावर कलंडली.

दुपारी शाळा लवकर सुटली. मास्तर घरी आला तो सूट शिंप्याकडे न्यायच्या इराद्यानंच. ताई झोपली आहे असं पाहून त्यानं हळूच सूट खुंटीवरून उतरवला, घडी घालायला गेला, आणि बोटाला टाचणी टोचली.

ताईची जुनी शिस्त होती. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक कपड्याला आतून ती चिठ्ठी टाचायची. काय झालं, काय उरलं, कुठं अडलं ते त्यात लिहिलेलं असायचं. या सुटाला मात्र एक नाही, चिठ्ठ्यांची चळतच टाचलेली होती. मास्तर तिथंच जमिनीवर बसून वाचू लागला.

'डावी बाही लावली. काल तीन फेऱ्या. आज पाय यंत्रावर ठरत नाही.'

'आज काही नाही. काल चार फेऱ्या. झोप दोन तास. सुईत दोरा जाईना.'

'कॉलर वाकडी बसली, उसवली. काल पाच फेऱ्या. पडल्या पडल्या ठोके एकशे दहा. मास्तर फार खूश होता.'

'सोमवारच्या सहा. दोन दिवस उठवलं नाही. त्याला सांगायचं नाही. बिचारा एवढा जीव टाकतो.'

त्यानं शेवटची चिठ्ठी दोनदा वाचली. मग फ्रिजवरचा तक्ता काढून आणला आणि चिठ्ठ्यांशेजारी ठेवला. ज्या ज्या दिवशी त्यानं तांबडी शाई वापरली होती, त्या त्या दिवशी त्याची ताई पलंगावर थरथरत पडली होती... आणि तो मुलांना सांगत होता, शरीर ओळखायला शिका म्हणून!

"तुला माहीत होतं?" भावजय आत आली तेव्हा त्यानं विचारलं.

"होतं. वन्संनी शपथ घातली होती." तिनं पदरानं डोळे टिपले. "पण खरं सांगू? तुम्ही एकदा जरी दुपारी घरी थांबला असता, तर मला सांगावंच लागलं नसतं."

ताईला जाग आली तेव्हा मास्तर पायाशी बसला होता. हातात चिठ्ठ्या होत्या. अंगानं एवढा दांडगा माणूस, पण त्याचा आवाज पार फुटला.

"मला का नाही सांगितलंस, ताई? मी काय परका होतो?"

"परका असतास तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं रे..." ताईचेही डोळे वाहू लागले. "तू मला बरं करायला निघाला होतास. तुझं चुकतंय, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

"तू मला पळवलंस म्हणून मी..."

"कुठं पळवलं?" ताई रडता रडता हसली. "विसरलास? पहिला महिनाभर तुला दगडी बाकावर नुसतं बसवत होते मी. चार पावलांत दम लागायचा तुला. पोरं पळायची आणि तू त्यांच्या फेऱ्या मोजायचास. एक दिवस तूच उठलास. म्हणालास, ताई, त्या झाडापर्यंत जाऊन येऊ?"

पळणं मास्तरला लख्ख आठवत होतं, पण बसणं तो साफ विसरला होता!

"मला माफ कर, ताई," म्हणत त्यानं तिच्या पायांवर डोकं टेकलं. त्याच्या केसांतून हात फिरवताना तिच्या लक्षात आलं, आपल्या छातीतली धडधड आता भीतीची राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी ती दोघं डॉक्टरांकडे गेली. क्रीडादिनाला मास्तर जुन्याच, गुडघ्यावर विटलेल्या सुटात मिरवला. तक्ता गेला तो गेलाच.

पुढचे तीन रविवार सकाळी दोघं मैदानाच्या कडेला त्याच दगडी बाकावर बसली. बसणं हा प्रकार मास्तरला नवा होता. त्याचा पाय सारखा हलायचा.

"चुळबुळ करू नकोस, नाहीतर बाहेर उभा करीन," ताई म्हणायची.

चौथ्या रविवारी तिनं समोर पाहिलं आणि हळूच विचारलं, "त्या झाडापर्यंत जाऊन येऊ?"

मास्तरचा हात सवयीनं शिट्टीकडे गेला आणि वाटेतच थांबला. त्यानं आपलं बोट पुढं केलं. तिनं ते धरलं. दोघं सावकाश झाडापर्यंत गेली आणि सावकाश परत आली.

सोमवार शांत गेला. मास्तर शाळेतून दोनदा फोन करून बसला. मंगळवारही शांत गेला.

बुधवारी दुपारी त्यानं घरात पाऊल टाकलं तेव्हा शिवणयंत्राचा संथ आवाज येत होता. मग यंत्र थांबलं. सूट खुंटीला लावून ताई हात धुवायला आत गेली, तसा तो खुंटीपाशी गेला आणि सुटाची आतली बाजू उलटून पाहिली. नवी चिठ्ठी टाचलेली होती.

'उजवी बाही लावली. रविवारी झाडापर्यंत. झोप सात तास. मास्तर बसायला शिकला.'