रिकाम्या पुडीचं वर्णन

ऑक्टोबरातली सोमवार सकाळ म्हणजे संग्रहालयाच्या तळमजल्यावर टोपल्यांची रांग. शनिवार-रविवार रान पालथं घालून आणलेल्या अळंब्या घेऊन गाव यायचं आणि डॉक्टर हावलास एकेक उचलून, नाकाशी नेऊन निकाल द्यायचे.

"ही सूपमध्ये घाला. ही सासूला घाला."

हा विनोद ते तीस वर्षं करत होते आणि गाव तीस वर्षं हसत होतं. शेजारी बसून नोंदी करणारी लिबुशेसुद्धा एरवी हसायची. त्या सोमवारी तिनं मान वर केली नाही.

रांग संपली की दोघं वर जात. वरच्या खोलीत भिंतभर कपाटं होती, कपाटांत साडेचार हजार कागदी पुड्या, आणि प्रत्येक पुडीत एक वाळलेली अळंबी व तिचं लॅटिन वर्णन. दर पाच वर्षांनी सगळ्यांची तपासणी व्हायची. एकानं वर्णन मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं पुडी उघडून, लागेल तिथे सूक्ष्मदर्शक लावून, बघायचं. "पिलेउस," म्हणजे छत्र. छत्र शाबूत असलं की समोरून उत्तर यायचं, "आदेस्त." आहे. नसलं तर, "देएस्त." नाही. मग लामेल्ले, छत्राखालची पाती. हिमेनिउम, पात्यांवरचं सुपीक अस्तर. बासिदिया, त्या अस्तरातले डोळ्यांना न दिसणारे खांब. शेवटी स्टेरिग्माता, खांबांच्या डोक्यावरची चार शिंगं, ज्यांच्या टोकांना बीजाणू धरतात. बाहेरून आत. क्रम मोडायचा नाही.

टेबलाखाली लिबुशेची आनेष्का रिकाम्या काड्यापेट्यांची आगगाडी करून खेळायची. बाप रेल्वेत, आठवड्यातून एकदा घरी. पोर तीन वर्षांची होत आली होती आणि अजून एक शब्द बोलली नव्हती. कान चांगले होते, सगळं समजत होतं. जिल्ह्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं होतं: पुढच्या सोमवारी समिती बसेल. निदान आईला हाक तरी मारता आली पाहिजे. नाही तर वसतिशाळा, दोनशे किलोमीटर लांब, भेट महिन्यातून एकदा.

त्या दिवशी बावन्नावी पुडी रिकामी निघाली. अशा पुडीचं वर्णन वाचायचं नसतं. लाल शाईनं 'देएस्त' लिहून पुढे जायचं. हावलास शाई आणायला कपाटाकडे गेले. लिबुशेची मान कागदात होती, तिला ते उठलेले कळलंच नाही.

"पिलेउस," तिनं वाचलं.

"आदेस्त."

आवाज टेबलाखालून आला होता.

लिबुशे वाकली. आनेष्का काड्यापेट्या बाजूला सारून वर बघत होती. लिबुशेनं तिला छातीशी धरलं, रडली, पुन्हा पुन्हा मुके घेतले. "बोलली! डॉक्टरसाहेब, माझी चिमणी बोलली!"

"ऐकलं," हावलास म्हणाले. त्यांच्या हातातली दौत तशीच होती. "पण आहे कुठे छत्र?"

घरी आनेष्का गप्प. दुसऱ्या पुड्या वाचून पाहिल्या, तरी गप्प. मंगळवारी लिबुशेनं बावन्नावी पुन्हा काढली. पिलेउसला उत्तर आलं, लामेल्लेलाही आलं. त्यापुढे नाही. उच्चार बोबडा नव्हता. एकेक अक्षर सुटं, स्वच्छ.

बुधवारी हिमेनिउम.

त्या संध्याकाळी आनेष्का जिन्याच्या तीन पायऱ्या गडगडली. गुडघा सोलवटला, पण ती रडली नाही. न्हाऊ घालताना लिबुशेला तिच्या केसांना ओल्या पिठाचा वास आला, काही ताज्या अळंब्यांना येतो तसा. चांगला वास होता, ताज्या दळणासारखा. दोनदा साबण लावूनही तो गेला नाही.

गुरुवारी बासिदिया. आता पोर टेबलाखाली ठेवली की ठेवली तिथेच राही. काड्यापेट्यांना हात लावत नसे. तळवे गार लागत, आणि जरासे दमट.

शुक्रवारी हावलासांनी पुडीवर पंजा ठेवला.

"बस झालं, पोरी. लाल शाई लाव आणि मोकळी हो."

"सोमवारी समिती आहे, डॉक्टरसाहेब."

"समितीसमोर काय वाचणार आहेस? हे?"

"एका शब्दाचे दोन होतात. आईला हाक मारेल ती."

"पुडी रिकामी आहे, लिबुशे. मग ती 'आहे' कशाला म्हणतेय?"

"ते मला माहीत नाही." तिचा आवाज शांत होता. "तुमची पोर कोणी नेत नाहीये. हात काढा."

त्यांनी हात काढला.

पिलेउस. आदेस्त.

लामेल्ले. आदेस्त.

हिमेनिउम. बासिदिया. प्रत्येक शब्दामागून उत्तर आलं, जरासुद्धा न थांबता.

"स्टेरिग्माता."

"आदेस्त."

कागदावर आता एकच ओळ उरली होती. नव्वद वर्षांपूर्वी ज्यानं ही अळंबी पाहिली, त्यानं तिरक्या अक्षरांत लिहिलेली. लिबुशेनं ती वाचली.

"स्पोरे नोन विसे." बीजाणू दिसले नाहीत.

उत्तर आलं नाही.

खिडकीबाहेर कोणीतरी सायकल भिंतीला टेकवली. मग टेबलाखाली सरपटल्याचा आवाज झाला आणि आनेष्का आपली आपण बाहेर आली. आईच्या गुडघ्यांना धरून उभी राहिली.

"आई," ती म्हणाली.

लिबुशेच्या हातातून कागद सुटला.

"मला दिसतायत की."

"काय... काय दिसतंय, राणी?"

"ते. बारीक बारीक. खूप."

"कुठे?"

"तुझ्या तोंडातून येतायत. तू वाचतेस ना, तेव्हा."

लिबुशेनं ओठ मिटले.

हावलास खुर्चीसकट मागे सरकले होते. त्यांनी रुमाल काढून नाकातोंडावर धरला.

आनेष्का आईच्या मांडीवर चढली. दोन्ही गार तळव्यांनी तिनं आईचे गाल धरले, चेहरा चेहऱ्याजवळ आणला आणि घासाची वाट बघावी तसा आ केला.

"बोल ना गं, आई."