बोट परवा

"या वेळी तरी तिला ठरवू देऊ नका," आई म्हणाली, आणि घडी घालून बॅगेत ठेवायची शाल ताईच्या हातातच राहिली.

आई हे ताईकडे बघून म्हणाली नव्हती. ताईकडे बघून ती काहीच म्हणत नसे. गेली कित्येक वर्षं आईच्या बोलण्यात ताई ही फक्त 'ती' होती. समोर बसून पाय चेपत असली तरी 'तिला सांगा, पंखा कमी कर म्हणावं', नाहीतर 'चहात साखर कमी आहे, तिला सांगा'. दोन खोल्यांच्या त्या घरात बहुतेक वेळा या दोघीच असत, तेव्हा आई हे सगळं भिंतीला सांगायची... आणि ताई उठून पंखा कमी करायची, चहा परत न्यायची, साखर घालून पुन्हा आणायची. आई एक घोट घेऊन कप तसाच बाजूला ठेवायची.

आज मात्र सांगायला माणसं होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारा धाकटा भाऊ आणि त्याची बायको सामान भरायला आले होते. परवा दुपारी जहाज सुटणार होतं. समुद्रावरची आठवडाभराची सफर, चौघांची तिकिटं, आईसाठी खिडकीची खोली, सगळं धाकट्याने केलं होतं. डॉक्टरांनी आईचं हृदय तपासून त्याला बाजूला नेलं होतं आणि जे दाखवायचं असेल ते लवकर दाखवा, असं म्हटलं होतं. आईला एकच बघायचं होतं... ज्या पाण्यावर तिचा नवरा गेला आणि परत आला नाही, ते पाणी.

वाद होता तो एका दिवसाचा. बंदर अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होतं. ताईचं म्हणणं, उद्याच निघावं, रात्री बंदराजवळ मुक्काम करावा. धाकट्याचं म्हणणं, परवा पहाटे निघालो तरी जेवायच्या वेळेपर्यंत पोचतो.

"एक दिवस आधी जाऊन करायचं काय, ताई? क्रेन मोजायच्या?"

"वाटेत बोगदे आहेत. एखादा ट्रक आडवा पडला तर सगळा रस्ता अडतो. आणि आईला घाई सोसणार नाही."

"तू जन्मालासुद्धा आदल्या दिवशी येऊन बसली असशील."

भावजयीला हसू आलं, मग ताईचा चेहरा बघून ते तिने गिळलं. "पुरे हं तुमचं," ती नवऱ्याला म्हणाली. "ताई बरोबर सांगतायत. तुमच्या त्या बैठकीला एक दिवस दांडी मारली तर कंपनी बुडणार नाही."

"बुडणार नाही, पण मला बुडवतील."

तेव्हा आई बोलली होती. आणि आता शालीकडे बघत पुढे म्हणाली, "एकदा तिच्या सांगण्यावरून गेलो होतो की. काय मिळालं? रिकामा धक्का."

धाकटा उगाचच बॅगेची चेन ओढून बघत राहिला.

तो रिकामा धक्का ताईला अजून जसाच्या तसा दिसायचा. बाबा मालवाहू बोटीवर इंजिनाला तेल घालायचं काम करत. बोट कधी कोणत्या बंदराला लागेल याचा नेम नसे. वर्षातून एकदा आपल्या बंदराला लागली, की कंपनीच्या कचेरीतून खालच्या दुकानात फोन यायचा आणि दुकानदार जिन्यात उभा राहून हाक मारायचा. त्या दिवशीही हाक आली. आई शिवणाच्या कारखान्यात होती, ताई शाळेत. घरी होता तो सात वर्षांचा धाकटा, तापामुळे शाळेला न गेलेला. तो धावत खाली गेला, त्याने ऐकलं, आणि संध्याकाळी ताई आल्यावर तिच्या गळ्याला मिठी मारून सांगितलं, "बाबांची बोट परवा!"

एवढंच. बोट परवा.

चौदा वर्षांच्या त्या मुलीच्या डोक्यात दुसरा अर्थ आलाच नाही. आई घरात शिरताशिरता तिने सांगितलं, "आई, बाबांची बोट परवा लागतेय." आईने त्या रात्री सगळ्यांचे चांगले कपडे इस्त्री केले. परवाचा दिवस उजाडला, तिघं बंदरावर गेली, आणि पाहिलं तर धक्क्याशी नुसतं पाणी होतं, त्यावर तेलाचा तवंग आणि एक तुटकं खोकं. कचेरीच्या खिडकीतला कारकून हैराण झाला. "अहो बाई, बोट परवा लागली, उद्या रात्री सुटते, असा निरोप दिला होता मी. दोन दिवस झाले त्याला. दुपारी, जेवायच्या सुट्टीच्या आधी मीच फोन लावला होता. तुमच्याकडे फोन कोणी घेतला होता?"

आई वळली. धाकट्याने ताईचं बोट घट्ट धरलं होतं... त्याला सगळं कळलं होतं.

"मी," ताई म्हणाली. "मी घेतला होता."

पुढच्या बंदराच्या वाटेवर इंजिनखान्यात वाफेची नळी फुटली. बाबांना तिथेच समुद्राच्या स्वाधीन केलं. घरी आलेल्या त्यांच्या पेटीत दोघा मुलांच्या मापाचे कपडे होते, गेल्या वर्षीच्या मापाचे, आणि आईसाठी एक शाल.

तीच ही शाल.

त्या दिवसापासून आईने ताईला 'तू' म्हटलं नाही. ताई बारावीनंतर दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत लागली, दुधातली चरबी तपासायची, आम्लाच्या थेंबांनी बोटांची टोकं पिवळी पडायची. तिच्या पगारावर धाकटा शिकला. स्थळं आली ती तिने परतवली. कोणी कारण विचारलं तर हसून सांगायची, "सकाळची पाळी असते हो माझी." एक सवय मात्र तिला जडली. कोणी अर्धवट बोललं की ती थांबवायची, "वाक्य पूर्ण कर." आणि कुठेही जायचं असलं, की ती आदल्या दिवशीच तयार.

आता तिने शाल बॅगेत ठेवली. वरून हात फिरवला.

"असं करू," ती शांतपणे म्हणाली. "मी येत नाही. मी आदल्या दिवशी म्हणते म्हणून आईला नको आहे. मी नसले, तर तुम्ही उद्या निघाल ना?"

"अगं, काहीतरीच काय!" धाकटा म्हणाला.

"तिची मर्जी," आई म्हणाली.

त्याच वेळी धाकट्याचा फोन वाजला. तो बोलत बोलत बाहेरच्या खोलीत गेला, जरा वेळाने दारात डोकावला, आणि फोन खिशात घालत म्हणाला, "आई, जहाजवाल्यांचा फोन होता, सगळं ठरल्याप्रमाणेच. बोट परवा."

"परवा काय?" सवयीने ताईच्या तोंडून निघून गेलं. "वाक्य पूर्ण..."

ती थांबली. हेच शब्द. हाच सूर, शेवटी उंच जाऊन तुटणारा... त्या संध्याकाळपासून आजवर तिने त्याच्या तोंडून ते पुन्हा ऐकले नव्हते. धाकट्यालाही ते आत्ता ऐकू आले असावेत, कारण त्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तो ताईकडे बघत होता, लहान मुलाने काचेचं भांडं फोडल्यावर बघावं तसा.

आई दोघांकडे बघत होती. आधी त्याच्याकडे, मग तिच्याकडे. बराच वेळ.

"फोन कोणी घेतला होता?" आईने विचारलं.

भावजयीला काही कळलं नाही. "यांनीच की, आई. आत्ताच."

"मी," धाकटा म्हणाला. त्याची मान खाली गेली. "मीच घेतला होता."

आईने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी ती काहीतरी जुळवत होती, हळूहळू, एकेक टाका उसवून पुन्हा घालावा तशी. मग तिने डोळे उघडले, मान वळवली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"मला उद्या निघायचंय," ती म्हणाली. "हे दोघं परवा येतील. तू... तू नेशील ना मला?"

ताईने बॅग बंद केली.

*

भाड्याच्या गाडीत आई बहुतेक वाट ताईच्या खांद्यावर डोकं ठेवून होती. झोपली होती की नाही, ताईला कळेना, आणि खांदा हलेल म्हणून तिने विचारलंही नाही. बोगदे आले आणि गेले. शेवटच्या वळणावर हवेला मिठाचा वास आला, तेव्हा आई डोळे न उघडताच म्हणाली, "आलं."

हॉटेलची खोली साधी होती. दोन पलंग, एक टेबल, आणि बंदराच्या बाजूला मोठी खिडकी. खाली धक्का रिकामा होता. जहाज सकाळी यायचं होतं. ताईने खुर्ची खिडकीशी ओढली, आईला बसवलं, शाल पांघरली. किटलीत पाणी उकळून चहा केला, आणि कप पुढे करताना सवयीने ती थांबली, परत न्यायला.

आईने चहा प्यायला. सगळा.

"साखर?" ताईने विचारलं.

"कधीच कमी नव्हती गं."

समुद्रावरचा उजेड उतरत होता. आई बोलायला लागली ती पाण्याकडे बघत, पण भिंतीला सांगावं तसं नाही. "गुरुवार होता तो. गुरुवारी तुझा प्रयोगाचा तास असायचा, दिवेलागणीला यायचीस तू. आणि फोन दुपारी आला होता, कारकुनाने सांगितलं होतं मला. खिडकीत उभं राहून, तोंडावर सांगितलं होतं... मला तिथल्या तिथे कळायला हवं होतं."

"तुझी तेव्हा काय अवस्था होती, आई."

"मला कोणावर तरी रागवायचं होतं. बोटीवर रागावता येत नाही. तू पुढे आलीस, मी धरलं तुला. मग सोडताच येईना. सोडलं असतं तर रडावं लागलं असतं."

"तो लहान होता..."

"सात वर्षांचं पोर. त्याच्यावर कोण रागवेल? आजही नाही रागावले मी. पण तू? तू तरी कोण मोठी होतीस? दोन वेण्या घालायचीस तू. एक पोर वाचलं, पण दुसरं मी पाण्यात सोडलं... आणि मला माहीतही नव्हतं."

ताई तिच्या पायाशी खाली बसली. जी गोष्ट तिने कधी स्वतःशीही मोठ्याने म्हटली नव्हती, ती आता सांगितल्यावाचून राहवेना. "आई, चूक माझीही होती. त्याने नुसतं 'बोट परवा' म्हटलं होतं. 'लागतेय' मी म्हटलं. मी विचारायला हवं होतं, कोणता परवा, मागचा की पुढचा."

आईचा हात ताईच्या केसांवर आला, आता बरेच पांढरे झालेल्या, आणि तिथेच थांबला.

"पोरीला बाप यायला हवा होता," ती म्हणाली. "पोरगी दुसरं काय म्हणणार?"

मग ताई रडली. आईच्या गुडघ्यांत तोंड खुपसून, आवाज न करता. आवाज करून रडायची सवय तिला राहिली नव्हती. आई तिला गप्प हो म्हणाली नाही.

उजाडलं तेव्हा आई आधीच जागी होती. तिने स्वतःच्या हाताने केस सारखे केले होते आणि शालीची घडी नीट खांद्यावर घेतली होती, कोणाला तरी भेटायला जायचं असल्यासारखी. धुक्यातून पांढरं जहाज पुढे येत होतं, इतकं हळू की ते येतंय की नुसतं मोठं होतंय हे कळू नये. दोर फेकले गेले. माणसांचे बारीक आवाज वर आले.

"बघ," आई म्हणाली. "बोट लागतेय."

ताईने खिडकी उघडली, बाहेर वाकून पाहिलं, पहिला दोर खुंट्याला बसलेला पाहिला आणि लहान मुलीसारखी म्हणाली, "लागली, आई. लागली बघ."

उत्तर आलं नाही. वळून बघायच्या आधीच तिला कळलं होतं, पण तरी ती अजून जरा वेळ जहाजाकडेच बघत उभी राहिली. तेवढा वेळ तिने आईला दिला, की स्वतःला घेतला, कोणास ठाऊक.

डॉक्टर येऊन गेले. हॉटेलच्या व्यवस्थापक बाईंनी विचारून विचारून सगळं केलं. ताईने धाकट्याला कितीदा फोन लावला, पण तो लागेना. बोगद्यात ट्रक आडवा झाला होता. आत गाड्यांची रांग आणि फोनला रेंज नाही. दुपारी जहाजाचा भोंगा वाजला. खिडकीची काच थरथरली, पलंगावरची शाल मात्र हलली नाही.

भोंगा विरला आणि जहाज धक्क्यापासून सुटून वळत असतानाच जिन्यात धावण्याचे आवाज आले. धाकटा दारात उभा राहिला, घामाने थबथबलेला, हातात चुरगळलेली तिकिटं. मागे भावजय धापा टाकत होती.

"ताई, बोगद्यात अडकलो गं, तू म्हणालीस तसंच... आपली बोट चुकली. आईला सांग, मी दुसरी तिकिटं..."

मग त्याला पलंग दिसला.

भावजयीने तोंडावर हात घेतला. तो मात्र ओरडला नाही, पुढेही आला नाही. दाराच्या चौकटीला टेकून तसाच खाली बसला. तिथूनच तो बोलू लागला.

"मी बोटीवर सांगणार होतो तिला. त्यासाठीच काढली होती तिकिटं. पाण्यावर गेल्यावर सांगेन, म्हटलं... रोज वाटायचं, आज सांगू, उद्या सांगू. आणि तू कधी एका शब्दाने... ताई, त्या दिवशीचा तो फोन... आईला..."

वाक्य त्याने नेहमीसारखं अर्ध्यात सोडलं. ताई उठली. दारापाशी जाऊन त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि त्याचा हात हातात घेतला. त्याने तिचं बोट घट्ट धरलं, धक्क्यावर धरलं होतं तसंच.

"आईला परवाच कळलं होतं," ती म्हणाली. "आणि ती तुझ्यावर रागावली नव्हती."

त्याने बहिणीच्या खांद्यावर डोकं टेकलं. खिडकीखाली धक्का रिकामा झाला होता. टेबलावर आईचा चहाचा कप होता, तोही रिकामा, आणि तो धुवायला उचलावा असं ताईला त्या दिवशी वाटलं नाही.