बाबांच्या नावची गाडी

ही घडलेली गोष्ट आहे. इंग्रिड टॉर्गरसन आजही आयडाहोत, सामन नदीकाठच्या त्याच गावात राहते. विचारलंत तर ती नाकारणार नाही. विषय बदलेल.

ऑक्टोबरातली संध्याकाळ होती. नदीकाठचा कॅम्पिंगचा तळ रिकामा झाला होता. शेवटच्या जागेवर एकच मोटरहोम, म्हणजे राहायची सोय असलेली मोठी गाडी, उभी होती.

इंग्रिडच्या वडिलांची.

म्हणजे आता राँडा प्रुइटची. शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या राँडाने आणि तिच्या नवऱ्याने, मर्लने, ती जूनमध्ये इंग्रिडकडून विकत घेतली होती. थंडीच्या आत त्यांना दक्षिणेला पोहोचायचं होतं. पण नोंदणी कार्यालयात घोडं अडलं. मूळ मालक ऑल्डन टॉर्गरसन ऑगस्टमध्ये वारले होते, आणि मालकीच्या कागदावरची त्यांची सही जुन्या सहीशी जुळत नव्हती.

"एवढंच कर, पोरी," राँडाने गाडीतल्या टेबलावरून कागद इंग्रिडपुढे सरकवला. "सही वडिलांनीच केली, असं शपथेवर लिहून दे. नाहीतर हिवाळाभर आम्ही इथेच गोठू. मर्ल तर आत्ताच अर्धा गोठलाय."

"ऐकू येतंय मला," कॉफी ओतता ओतता मर्ल म्हणाला.

इंग्रिडने पेन उचललं.

खिडकीतून तळ पार नदीपर्यंत दिसत होता. बाहेर कुणीही नव्हतं...

दारातली लोखंडी पायरी करकरली.

गाडी किंचित खाली दबली. माणूस चढताना दबते, तशीच.

दार बंद होतं.

"आला," राँडा हळूच म्हणाली. "रोज दिवेलागणीला येतो. आधी वाटलं, अस्वल आहे."

"अस्वल परवडलं असतं," मर्ल पुटपुटला.

पावलं वाजली नाहीत. नुसती गाडी पुढे, डावीकडे कलली... आणि चालकाची सीट कुरकुरली. कपातली कॉफी एका काठाला चढली.

"आता सकाळपर्यंत अशीच राहील," राँडा म्हणाली. "चढताना कळतं, उतरताना कधीच नाही. काय हवंय गं त्याला?"

इंग्रिडला ठाऊक होतं.

पक्षाघातानंतर बाबा शुश्रूषागृहात होते. रोज दिवेलागणीला जाकीट चढवून खाटेच्या काठावर बसायचे. "गाडी कुठाय?" विचारायचे. ती सांगायची, "गॅरेजमध्ये, बाबा. पुढच्या आठवड्यात मिळेल."

गाडी तेव्हाच विकली गेली होती.

किल्ली त्यांच्या हाती पडू नये म्हणून विकली, असं ती स्वतःला समजवायची. ते खरं होतं. ती थकली होती, हेही खरं होतं.

गेले तेव्हाही बाबांच्या अंगावर जाकीट होतं.

तिने पेन खाली ठेवलं.

"सही माझी आहे."

मर्लचा हात थांबला. "म्हणजे आम्ही गाडी घेतली कुणाकडून?"

"माझ्याकडून. त्यांना विचारलंच नाही." ती चालकाच्या रिकाम्या सीटकडे बघत होती. "ते जिवंत होते, रोज गाडी मागत होते. आणि मी त्यांच्या नावाने सही करून ती विकली."

राँडाने कागद मागे ओढून घेतला. "हे तुला कार्यालयात सांगावं लागेल, पोरी. तिथे तुझं काय होईल, सांगता येत नाही."

"सांगेन. वारस म्हणून नवे कागदही करून देईन. गाडी तुमचीच."

तेवढ्यात...

गाडी सरळ झाली. पायरी दबली, आणि सुटली.

"उतरला!" मर्ल ओरडला. "अगं, उतरला एकदाचा!"

राँडाला एकदम हसू फुटलं. इंग्रिडला नाही.

उतरून बाबा गेले कुठे?

बाहेर खडीवर एकही पाऊल वाजलं नाही. ती बाहेर आली, आपल्या मोटारीत बसली आणि तिने किल्ली फिरवली.

टिंग... टिंग... टिंग...

समोर लाल दिवा लागला होता. शेजारच्या प्रवाशाने पट्टा लावलेला नाही.

शेजारी कुणी नव्हतं. पर्ससुद्धा तिच्या मांडीवर होती.

ती तशीच बसून राहिली. मग वाकून तिने पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून लावला.

आवाज थांबला.

कार्यालयाने इंग्रिडला कडक ताकीद देऊन सोडलं. राँडाला कागद मिळाले. ती आता ॲरिझोनात आहे, आणि तिच्या गाडीत काही होत नाही.

पण दिवेलागणीला इंग्रिडच्या मोटारीत तो आवाज होतो. ती पट्टा लावते आणि गावाबाहेरचा रस्ता धरते. "कुठे जायचं, बाबा?" रोज विचारते.

ती चालवत राहते. परत वळली, की पट्टा आपोआप सुटतो...

हल्ली ती रोज थोडी आणखी पुढे जाते.