थोरलीच्या वाटणीचं पाणी

ही गोष्ट खरी आहे. रचलेली असती, तर मी तिला जरा बरा शेवट दिला असता.

माझ्या मावसबहिणीच्या घरी घडली. भर दुपारी. पडदे उघडे, खिडकीखालच्या गॅरेजात ठोकाठोकी चालू, स्वयंपाकघरात नणंद भांडी आपटतेय... अशा वेळी. अंधाराची वाट बघण्याइतकी लाज त्याला नव्हती. ते जे काही होतं त्याला.

बहिणीला सासरी सगळे थोरली म्हणतात. थोरली सून म्हणून. देहानेही थोरलीच, म्हणून घरच्यांना ते नाव फार आवडायचं. कपड्यांच्या दुकानात ती दुरुस्तीच्या मशीनवर बसते. कुणाची कंबर सैल कर, कुणाची बाही आत घे.

त्या घरात एक गोष्ट होती. खाणं टिकायचं नाही.

झाकून ठेवलेलं भाताचं पातेलं सकाळी रिकामं. बिस्किटांचा डबा रिकामा. दुधावरची सायसुद्धा नाही. आणि कोणी शोध घ्यायचंच नाही. सासूबाई थोरलीकडे नुसतं बघायच्या.

"मी नाही खाल्लं हो, आई."

"मग काय भुताने खाल्लं?"

सगळे हसायचे. नवराही.

हे इतकी वर्षं चाललं, की शेवटी तिलाच वाटायला लागलं, आपण झोपेत उठून खात असू. एकदा ती तोंडावर घट्ट ओढणी बांधून झोपली. सकाळी ओढणीची गाठ जशीच्या तशी...

पातेलं रिकामं.

तिने कुणाला सांगितलं नाही. घरच्यांना हसायला आणखी एक विषय कशाला द्यायचा?

मग गुडघे गेले, साखर वाढली, डॉक्टरांनी वजन कमी करायच्या ऑपरेशनचं काढलं. पोट कापून केळ्याएवढं केलं. घरी सोडताना सिस्टरने नणंदेला समोर बसवून सांगितलं, "पहिला आठवडा सगळं पातळ. आणि पाण्याकडे लक्ष ठेवा. घोट घोट, दिवसभर. गटागटा नाही. तहान लागायची वाट बघायची नाही. थोडं थोडं हिंडायचं. लघवी गडद झाली, उठताना चक्कर आली, तर थांबू नका. लगेच घेऊन या."

नणंदेने मन लावून ऐकलं. खोटं कशाला बोलू, त्या आठवड्यात तिने कामावर रजा टाकली होती. रोज सकाळी ती पाण्याची बाटली काठोकाठ भरून पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवायची. सोबत औषधाचा इवलासा कप. येता-जाता दारातूनच बाटलीवर नजर टाकायची. पाणी कमी झालेलं दिसलं, की समाधान.

"शाब्बास! अशीच पीत राहा."

ती बाटली बघायची. थोरलीला कोणी बघत नव्हतं.

सुरुवातीला थोरलीलाही काही कळलं नाही. कप भरायचा, एक घोट घ्यायचा, उशीला टेकायचं. जरा डोळा लागायचा. उठून बघावं, तर कप रिकामा. घेतलं असेल आपणच. औषधांची गुंगी होतीच.

मग जीभ टाळूला चिकटायला लागली.

ओठ सोलवटले. लघवी कोऱ्या चहासारखी झाली. पलंगावरून पाय खाली सोडले, की खोली एका बाजूला कलायची.

"ताई, मी एवढं पाणी प्यायले नाही हो."

नणंदेने बाटली उचलून उजेडात धरली. तळाशी चार थेंब.

"खाल्लेलं तर कधी कबूल केलंच नाहीस. आता प्यायलेलंही नाही?"

"मला दवाखान्यात न्या."

"पाणी कमी पडायला ही काय वाळवंटात पडलीय?" सासूबाई बाहेरून म्हणाल्या. "लाड आहेत नुसते."

नवरा आला. त्यानेही आधी बाटलीच बघितली.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरलीने ठरवलं, आज झोपायचं नाही. कप काठोकाठ भरला. वर बशी झाकली. कुशीवर वळून ती कपाकडे बघत राहिली.

खाली गॅरेजात हातोडा चालू होता.

मग जेवणाची सुट्टी झाली... आणि हातोडा थांबला.

सगळं शांत.

...गट्.

कुणीतरी घोट गिळला होता. अगदी जवळ. स्टुलापाशी.

बशी हललीही नव्हती. थोरलीने ती हळूच उचलली. कप काठापासून खाली गेला होता. बशी परत ठेवली. श्वास धरून पडून राहिली.

बराच वेळ काही नाही.

...गट्.

घाई नव्हती त्याला. एक घोट. मग थांबायचं. मग परत एक घोट. गटागटा नाही.

सिस्टरने सांगितलं होतं, अगदी तसंच.

तिने कपाच्या काठाला बोट लावलं. पाणी नुकतंच फ्रिजमधलं आणलेलं होतं. कप गार होता. काठ मात्र एका जागी कोमट होता... ओठांएवढ्या जागेत.

भिंतीला धरत धरत ती नळापर्यंत गेली. ओंजळीने तोंडात पाणी घेतलं आणि ओठ गच्च मिटले. आता कसं नेशील?

गार पाणी जिभेवर होतं. गिळणार...

गट्.

आवाज तिच्या कानामागून आला.

तोंड कोरडं होतं.

तिने मला फोन केला तेव्हा आवाज ओळखू येईना. कागद चुरगळावा तशी बोलत होती. एवढंच म्हणाली, "ये ग. मला इथून ने."

मी टॅक्सी घेऊन गेले. सासूबाई दारात रिकामी बाटली घेऊन उभ्या. पुरावा. "बघ, सगळं पाणी पिते आणि वर तमाशा!" मी त्यांना बाजूला सारलं. पायरीवर थोरली माझ्या अंगावर कोसळली.

दवाखान्यात सलाईन लावलं. शीर सापडता सापडेना. डॉक्टरीणबाई भडकल्याच. "अंगात पाणी म्हणून नाही! थोडं थांबला असतात, तर किडन्या गेल्या असत्या. पाजलंत काय हिला?"

नणंद मागोमाग आली होती. "रोज बाटली भरून दिलीय, डॉक्टर. रोज संपायची."

"बाटली संपली असेल. या पोटात थेंब गेलेला नाही."

नणंदेने मान डोलावली. पण पटलं म्हणून नाही.

दुसऱ्या दिवशी थोरलीने कपातून एक घोट घेतला. उरलेलं स्टुलावर ठेवून झोपली. मी शेजारीच होते. जाग आल्यावर तिने मान वळवून बघितलं.

पाणी होतं. तेवढंच. जिथे सोडलं होतं तिथे.

ती कपाकडे बघत रडायला लागली. मी म्हटलं, रड बाई, रड. निदान रडायला पाणी आलं.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. तिला धरवेना, म्हणून मी स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, "आई विचारतेय, जाताना पातेल्यातला भात हिने खाल्ला का? ऑपरेशन झाल्यावर असं..."

हाताला सुई, पोटाला टाके, आणि थोरली हसायला लागली. पोट धरून हसत होती. मी फोन बंद केला.

ती त्या घरी परत गेली नाही. दुकानामागे एक खोली घेतली. आता निम्मी झालीय. घोट घोट पाणी पिते, कप तिथेच ठेवून खुशाल काम करते. कधी काही झालं नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

मागच्या महिन्यात नणंद दुकानात आली. हातात एक ड्रेस. कमरेत आत घ्यायचा होता. अंगावरच्या कपड्यांत ती हँगरसारखी दिसत होती. गालफडं बसलेली. ओठ... थोरलीने ते ओठ लगेच ओळखले.

"घरात काही टिकत नाही ग," नणंद म्हणाली. "आई म्हणते, मी खाते."

थोरली टाचण्या लावत राहिली.

"थोरले, खरं सांग. तेव्हा तू पाणी पीत नव्हतीस ना?"

थोरलीने तिच्यासाठी ग्लास भरला. नणंदेने दोन्ही हातांनी धरून तोंडाकडे नेला. अजून ओठांना लागलाही नव्हता...

गट्.

थोरलीने तो आवाज ऐकला. नणंदेनेही. ती थोरलीकडे बघत राहिली. फक्त एक शब्द हवा होता तिला.

थोरली म्हणाली, "बाटली रिकामी असायची ना, ताई? मग मीच प्यायले असेन."

नणंद ग्लास ठेवून निघून गेली.

"सांगितलं का नाहीस?" मी नंतर थोरलीला विचारलं.

"सांगणारच होते ग. त्याआधी ते तोंडातून गेलं."

ड्रेस शिवून तयार आहे. न्यायला कोणी आलेलं नाही. नणंदेच्या फोनवर नुसती घंटी वाजत राहते. उद्या जाऊन बघते, असं थोरली रोज म्हणते.

मीही तिला जा म्हणत नाही.