लाल पट्टा बुडाला कसा?

"नाही म्हणजे नाही! पक्ष्यांच्या बेटावर एक रात्र अजिबात पुरणार नाही!" कप्तानने नकाशावर मूठ आपटली आणि चहाची बशी खणखणली.

"फोड, बशी फोड," भोपू म्हणाला. "चहा सांडला की नकाशावर आणखी एक तळं होईल. तिथे दोन रात्री राहू!"

कप्तान ही घरातली मोठी भाची. सगळे बेत तीच आखायची, म्हणून हे नाव. भोपू तिचा धाकटा भाऊ. तो कानात कुजबुजला तरी शेजारच्या गल्लीत ऐकू जायचं, म्हणून तो भोपू. आणि टेबलावर गुडघे टेकून, दोऱ्याने बेटांमधली अंतरं मोजत होती ती पिटुकली, त्यांची मावसबहीण आणि सगळ्यांत लहान.

उद्या सकाळी मामाच्या शिडाच्या होडीतून निघायचं होतं. आठवडाभर बेटाबेटांवर भटकायचं! आधी खारफुटीची खाडी, मग ओहोटीला उघडे पडणारे खडक आणि त्यांतल्या डबक्यांतले खेकडे, मग पक्ष्यांचं बेट. तिथे कड्यावरची पिल्लं याच दिवसांत पहिल्यांदा उडतात. ती बघायची तर तासन् तास न हलता बसावं लागतं. पिटुकली बसू शकत होती. बाकीच्यांबद्दल न बोललेलं बरं!

त्या घराला मुळी स्वस्थ बसणं माहीतच नव्हतं. खाली मामाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, त्याला लागून मामीचं शिवणकाम. एकीकडे खरखर, दुसरीकडे खडखड. आजोबा शाळेत कवायत शिकवायचे. नोकरी संपून वर्षं झाली, पण चहा उकळेपर्यंतसुद्धा ते जागच्या जागी बैठका मारायचे. म्हणून तर मामाने यंदा नियम केला होता, "सुट्टी म्हणजे सुट्टी! कामाचं काहीही होडीवर आणायचं नाही. माणशी एक पिशवी, बस!" आणि मामी अन् आजोबांनी लगेच माना डोलावल्या होत्या. जरा जास्तच लगेच, असं कप्तानला तेव्हाच वाटलं होतं.

तेवढ्यात मामा आत आला. त्याचा चेहरा पडला होता. मागोमाग मामी आणि आजोबाही आले.

"होडी जड झालीय," तो म्हणाला. "लाल पट्टा पाण्याखाली गेलाय."

होडीच्या बाहेरच्या अंगाला चारी बाजूंनी लाल पट्टा रंगवलेला होता. तो पाण्याच्या वर दिसला तर होड्या तपासणाऱ्या धक्क्याच्या बाई निघायची परवानगी देत. बुडाला असेल तर नाही! मग तुम्ही कितीही गयावया करा.

"मग सामान कमी करू," कप्तान म्हणाली.

"सामान आहेच किती? माणशी एक पिशवी. त्यामुळे..." मामाने डोकं खाजवलं. "कुणीतरी एकाने मागे राहायला हवं. पिटुकले, तू सगळ्यांत लहान. यंदा तू तुझ्या आईकडे राहा. पुढच्या वर्षी तुला नक्की नेऊ हं!"

'पुढच्या वर्षी नक्की' हे मामा गेल्या वर्षीही म्हणाला होता. तेव्हा पिटुकलीला पोहता येत नव्हतं. "पोहायला शिक, मग नेऊ!" डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं तरी किंचाळणारी ती पोरगी मग वर्षभर तलावावर गेली होती. थंडीत दात वाजायचे, ओठ निळे पडायचे, तरी गेली. आणि शिकली!

पिटुकली रडली नाही. ती हातातला दोरा बोटाभोवती गुंडाळत राहिली. बोटाचं टोक पांढरं पडलं तरी तिचं लक्ष नव्हतं. मोठ्यांपैकी कुणीच तिच्याकडे बघत नव्हतं. मामी खिडकीकडे बघत होती, आजोबा छताकडे. अगदी निश्चल! आजोबा निश्चल उभे आहेत हे बघून कप्तानच्या डोक्यात किडा वळवळला.

"चला," ती दोघांच्या कानात म्हणाली. "धक्क्यावर!"

धक्क्यावर वारा सुटला होता. दोर ताणले जात होते, डोलकाठ्या करकरत होत्या. सगळ्या होड्यांना जणू आत्ताच निघायचं होतं. मामाची होडीही दोराला हिसके देत होती, पण पार पोट भरलेल्या म्हशीसारखी.

"भोक पडलं असेल!" भोपू ओरडला आणि त्याने तळाची फळी उचलून आत कोपरापर्यंत हात घातला. हात बाहेर आला तो धुळीने माखलेला. "कोरडं ठणठणीत!"

पिटुकली तोवर पुढच्या टोकाला जाऊन उभी राहिली होती. "कप्तानताई, तू धक्क्यावर जा आणि पाणी कुठवर आहे ते बघ."

मग ती उडी मारून उतरली. पुन्हा चढली. पुन्हा उतरली. कप्तान धक्क्यावर पालथी पडून, नाक पाण्याला लागेल इतकी वाकून बघत होती.

"काय झालं?" पिटुकलीने विचारलं.

"काहीच नाही! तू चढ नाहीतर उतर, होडीला पत्ताच नाही!"

"मग मी घरी राहिले तरी पट्टा वर येणार नाही," पिटुकली हळूच म्हणाली. "मग मला कशाला ठेवताय?"

कप्तानला तिच्याकडे बघवेना. ती ताडकन उठली. "कुणीही ठेवत नाहीये तुला! भोपू, तुझ्यापेक्षा, माझ्यापेक्षा, आपल्या तिघांपेक्षा जड असं काहीतरी या होडीत आहे. आणि ते आपण शोधणार!"

पण शोधायचं कुठे? पिशव्या तर अजून घरीच होत्या. होडीच्या छोट्या खोलीत तीन बाकं होती, पेटीसारखी, वर झाकणाची. एका बाकात भांडीकुंडी, एकात जुनी शिडं आणि एकात पोहण्याची जाकिटं असायची. प्रत्येक झाकणावर गादी नीट बांधलेली होती. सगळं जागच्या जागी होतं.

"जाकीट!" पिटुकली एकदम म्हणाली. "माझं जाकीट शेडमध्ये टांगलंय. येताना मी पाहिलं. मला वाटलं, मी येणार नाही म्हणून काढून ठेवलं असेल."

तिघंही शेडकडे धावली. खुंटीवर पिटुकलीचं नारिंगी जाकीट होतंच. त्याच्या मागे मामाचं, मामीचं, आजोबांचं, सगळ्यांचीच जाकिटं होती!

"म्हणजे जाकिटांच्या बाकात जाकिटं नाहीत," कप्तान सावकाश म्हणाली. "मग काय आहे?"

गादीची गाठ सोडायला भोपूला दम निघेना. झाकण उघडलं आणि तिघांची तोंडं तशीच उघडी राहिली. आत मोठमोठ्या, काळ्या, ठोकळ्यासारख्या बॅटऱ्या एकमेकींना खेटून बसल्या होत्या. त्यांच्यावर मामाची हत्यारांची पेटी आणि पोट फाडलेला एक रेडिओ!

"मामा!" भोपू गरजला.

"हळू!" कप्तानने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "पण एवढ्यानेच पट्टा बुडेल?"

त्यांनी दुसरं बाक उघडलं. जुन्या शिडाखाली मामीचं शिवणयंत्र! चांगलं बिडाचं, उचलताना कंबर मोडावी असं. तिसऱ्या बाकात भांड्यांच्या मागे आजोबांच्या कसरतीची लोखंडी वजनं चादरीत गुंडाळून झोपवली होती.

"चोरावर मोर आणि मोरावर आणखी एक मोर!" भोपू म्हणाला. "चला, घरी जाऊन बोंब मारतो!"

"थांब. आपण एकाचं नाव घेतलं तर बाकीचे दोघं साळसूदपणे त्यालाच रागावतील. तिघांना एकदमच धरायचं." कप्तान येरझारा घालू लागली. "भोपू, आज तुझ्या कुजबुजण्याचा उपयोग आहे!"

आधी तिघंही धक्क्याच्या बाईंच्या खोलीवर गेली. बाई करारी. हसल्या तर त्यांच्याच खुर्चीला आश्चर्य वाटावं.

"बाई, आमच्या होडीतली बाकं उघडून तपासाल का?" पिटुकलीने विचारलं.

बाईंनी चष्म्यावरून तिला निरखलं. "लोक माझ्या तपासणीला घाबरतात. तू बोलवायला आलीस? बरं, चहा झाला की येते."

घरी जेवणं आटोपली होती. मुलं जिन्यात बसली आणि भोपू कप्तानच्या कानात कुजबुजला, "बाई चहानंतर येणार! होडीतली तिन्ही बाकं उघडून बघणार!"

वरच्या मजल्यावर काहीतरी पडलं. दुकानातली खरखर थांबली. शिवणाची कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला.

मुलं पुढे पळाली आणि धक्क्यावर वाळत घातलेल्या एका मोठ्या शिडामागे दडली. थोड्याच वेळात आजोबा आले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि टुणकन होडीत उतरले. वजनं हातात घेऊन बाहेर पडणार, तोच मामी लगबगीने येताना दिसली. आजोबा झटकन पुन्हा आत, बाकाआड! मामीने शिवणयंत्र जेमतेम बाहेर ओढलं, तोच हातगाडी ढकलत मामा आला. मामी यंत्राला कवटाळून होडीतल्या जुन्या शिडाखाली! मामाने आत पाऊल टाकलं आणि...

"आई गं! माझा पाय!"

"बाबा, तुम्ही?"

"तू इथे काय करतोयस?"

"आणि ही शिडाखाली कोण?"

होडी गदगदा हलू लागली. "अहो, पट्टा आणखी खाली गेला!" भोपू शिडामागून ओरडला. त्याच क्षणी बाई धक्क्यावर येऊन उभ्या राहिल्या.

तिघं मोठे एकामागून एक बाहेर आले. मामाच्या हातात बॅटरी, मामीच्या मिठीत यंत्र आणि आजोबांच्या दोन्ही हातांत वजनं. कवायतीच्या तासाला शिक्षा झालेल्या पोरांसारखे ते रांगेत उभे राहिले.

"मला वाटलं, माझ्या एकट्याच्या बॅटऱ्यांनी असं काय होणार!" मामा पुटपुटला.

"मलाही यंत्राचं तसंच वाटलं," मामी म्हणाली. "बेटावर तासन् तास गप्प बसायचं म्हणे! माझ्या हातांनी काय करायचं तेवढा वेळ?"

आजोबा खाकरले. "मी तर फक्त हलकी वजनं घेतली होती."

"आणि जाकिटं?" कप्तानने शेडकडे बोट दाखवलं. "बॅटऱ्यांना जागा व्हावी म्हणून जाकिटं काढलीस ना, मामा? उद्या वादळ आलं असतं तर आम्ही बॅटऱ्या बांधून पोहायचं होतं का?"

मामाचा चेहरा खर्रकन उतरला. "निघायच्या आधी ठेवणारच होतो गं," तो म्हणाला, पण त्याचा त्यालाच ते पटलं नाही. "चुकलं. फार मोठं चुकलं."

मग काय! बॅटऱ्या, यंत्र, वजनं, हत्यारं असं सगळं हातगाडीवर चढलं आणि जाकिटं बाकात गेली. होडी हळूहळू वर आली. पाण्यातून लाल रेघ डोकावली, मग अख्खा पट्टा दिसायला लागला. भोपूने अशी आरोळी ठोकली की धक्क्यावरचे सगळे कावळे उडाले!

"शाबास रे पोरांनो!" आजोबांनी कप्तानच्या आणि भोपूच्या पाठीवर थाप मारली. "आणि पिटुकलीची तर कमालच! आता ती येणारच!"

पण पिटुकली हसत नव्हती. ती धक्क्याच्या कडेला उभी होती.

"मामा," ती म्हणाली, "मला नीट विचार."

"काय विचारू?"

"येशील का, असं. जागा झाली म्हणून नाही. मी तुम्हाला हवी असेन तरच."

मामाने हातातला दोर खाली ठेवला. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि पहिल्यांदाच त्याने सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं. "पिटुकले, लोखंड ठेवून तुला उतरवायला निघालो होतो मी. मला माफ कर. आम्हाला कुणालाच गप्प बसता येत नाही. पिल्लं उडताना कशी बघायची ते तूच शिकव. येशील का आमच्याबरोबर?"

मामीने डोळे टिपले. पिटुकलीने पुरेसा वेळ घेतला. वर्षभर वाट बघितलेल्या माणसाला तेवढा हक्क होताच.

"येते," ती म्हणाली. मग मात्र तिला रडू कोसळलं आणि मामाने तिला घट्ट जवळ घेतलं.

बाईंनी वाकून पट्टा पाहिला, बाकं पाहिली, जाकिटं मोजली आणि परवानगीच्या कागदावर सही केली. मामाने हात पुढे केला. बाईंनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. कागद त्यांनी पिटुकलीच्या हातात ठेवला.

"या मोठ्यांना नीट सांभाळून ने आणि आठवड्याने सगळ्यांना परत आण," त्या म्हणाल्या. आणि खरोखरच हसल्या.

"हो, बाई," पिटुकली म्हणाली आणि तिने नाक पुसलं.