चकव्यातल्या खुणा

मिरजेच्या त्या उपचारकेंद्रात दुपारचा चहा झाला की सगळे म्हातारे हरवायला जात.

जात म्हणजे खोली सोडून कुठे जात नसत. तिथेच सरकत्या फरशीवर उभे राहत, कमरेला आधाराचा पट्टा बांधून घेत, डोळ्यांवर तो जाडजूड चष्मा चढवत आणि 'चकवा' नावाच्या खेळात शिरत. नाव ठेवणाऱ्याने लहानपण खेड्यात काढलेलं असावं. रानात चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच बाभळीभोवती फिरत राहतो म्हणतात, तसंच इथे होई. न संपणारं माळरान, ओढे, पूल, आठवडी बाजार, आणि प्रत्येक तिठ्यावर बुचकळ्यात पडलेला एक म्हातारा. राज्यभरातल्या केंद्रांतले पेशंट एकाच वेळी त्याच माळावर भटकत, पण एकमेकांना दिसत नसत. दिसायच्या फक्त खुणा. खेळणाऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकाने मागून येणाऱ्यासाठी दोन ओळी लिहायच्या, त्या तिथल्या दगडावर उमटायच्या. खूण उपयोगी पडली तर वाचणाऱ्याने हात जोडायचे, की लिहिणाऱ्याला नमस्कार पोचला. मात्र नाव, गाव, नातं लिहिलं तर यंत्र ते लगेच पुसून टाकी.

त्या माळावरचे सगळ्यात जास्त नमस्कार केतकी घोलपला मिळाले होते.

तिच्या खुणांना एक वेगळंच वळण होतं. "उजवीकडे वळ. डावीकडे चिखल आहे, आणि चपला धुवायचा तुला कंटाळा." "पूल कुजलाय. कठडा धर, हीरोगिरी नको." "आधी चष्मा पूस, मग बघ. विहीर समोरच आहे." लिहीत होती ती आपल्या नवऱ्यासाठी, एकट्या तुषारसाठी, पण वाचत होते शेकडो. बीडच्या नाहीतर भंडाऱ्याच्या कुणा आजोबांनाही वाटे, आपल्याला हक्काचं माणूस दटावतंय. ते बिचारे मुकाट्याने हात जोडत.

ही सवय जुनीच होती. केतकी सरकारी दवाखान्यात नर्स, नवरा तुषार वीज उपकेंद्रात ऑपरेटर. तिची दिवसपाळी तर त्याची रातपाळी. मूलबाळ झालं नाही, आणि सगळा संसार फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर झाला. "आमटी आंबट झालीय, तोंड वाकडं न करता खा," असं ती लिहून जाई, आणि संध्याकाळी खाली त्याचं उत्तर असे, "खाल्ली. वाकडं केलं." निवृत्तीनंतर तरी समोरासमोर बसून भांडू, असं दोघांनी ठरवलं होतं. तेवढ्यात विस्मृतीने गाठलं, आणि तुषार तिला विसरला. आता तो तिला सिस्टर म्हणे, तेही अगदी अदबीने. "सिस्टर, तुमचं जेवण झालं का?"

एका सकाळी डॉक्टर शहनाज मुजावर यांनी तिला बोलावून घेतलं. केंद्रातले उपचार त्यांच्याच संशोधनातून उभे राहिले होते.

"ताई, घोलपकाकांना खेळात कुठेही सोडलं तरी ते सुखरूप परत येतात. पण इथं बाथरूम कुठं आहे ते रोज नव्यानं विचारतात. त्यांच्या कोंब-पेशी टिकत नाहीयेत."

कोंब-पेशी म्हणजे या उपचाराचा प्राण. पाठीच्या कण्यातून एक औषध देत, आणि मेंदूचा जो भाग आठवणी साठवतो त्यात नव्या पेशी फुटत, पावसाळ्यात कुंपणाच्या वाळल्या खांबाला फुटवे यावेत तशा. हरवलेल्या जुन्या आठवणी त्या परत आणत नसत. पण घडेल ते नवं धरून ठेवू शकत. अट एकच होती, महिना-दीड महिन्यात त्या कामाला लागल्या पाहिजेत. नाहीतर वाळून जात.

"रोज एवढं चालतात की ते," केतकी म्हणाली. "मग कामाला का लागत नाहीत?"

"चालून नाही लागत, चुकून लागतात. मेंदू मोठा कंजूष असतो, ताई. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला मिळाल्या तर नवी पेशी कशाला खर्ची घालील? वाटलं एक आणि झालं भलतंच, असा अपेक्षाभंग झाला की मात्र तो खडबडून जागा होतो आणि ते कोरून ठेवतो. म्हणून तर आम्ही यांना हरवायला पाठवतो. आणि तुम्ही प्रत्येक तिठ्यावर वाट सांगून ठेवलीय. एकट्या काकांचं नाही, निम्म्या वॉर्डाचं तसंच झालंय."

केतकीला राग आला. जन्मभर दुसऱ्यांच्या उशापायथ्याशी उभी राहिलेली बाई ती, तिच्या मायेनेच दुखणं वाढलं हे तिने कसं ऐकून घ्यावं?

"तुम्ही पाहिलंय का त्यांना पडताना? पहिल्या आठवड्यात त्या पुलावरून पडले. लागत नाही हो, मला कळतंय. पण घाबरून लहान पोरागत रडले. त्या दिवशी मी पहिली खूण लिहिली."

"मला माहीत आहे. आणि लिहिणाऱ्यालाच खूण पुसता येते, मी जबरदस्ती करू शकत नाही."

केतकी म्हणाली, "पुसल्या तर मला ओळखतील?"

"जुनी ओळख नाही यायची. नव्यानं होईल, पण ती टिकेल. फक्त पेशी धरेपर्यंत त्यांना आयतं काही सांगू नका. पक्क्या झाल्या की सांगा."

केतकीला तेवढं पुरेसं होतं. त्याने पुन्हा प्रेमात पडावं अशी काही तिची अपेक्षा नव्हती, या वयात कुठली आलीत ती थेरं! चहा घेऊन गेल्यावर त्याने "आलीस?" म्हणावं, बस्स. तिने स्वतःच्या हाताने एकेक खूण पुसली.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या शेजारी, त्याचा खेळ दिसणाऱ्या पडद्यासमोर बसली. तुषार पहिल्या तिठ्यावर आला आणि नेहमीच्या दगडापाशी थांबला. वाकून पाहिलं. दगडावरून हात फिरवला. "असेल, इथंच असेल," असं पुटपुटला. खेळात पाऊस लागला तरी हलला नाही. शेवटी डावीकडे गेला आणि चिखलात आपटला. चष्मा काढला तेव्हा त्याचा चेहरा रडून सुजला होता, आणि शेजारच्या खुर्चीत केतकी बसलेली होती. तिची बोटं लिहिण्यासाठी शिवशिवत होती. तिने हात मांडीखाली दाबून धरले.

असं रोज चाललं. रोज तो कोऱ्या दगडापाशी थांबे, रोज पडे, आणि ती बघत राही.

आणि मग उतार पडला. तुषार पुलाचा कठडा आपणहून धरू लागला. एकदा न विचारता बाथरूमला जाऊन आला, तर सगळ्या वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. आदल्या रात्री काय जेवलो ते सकाळी सांगू लागला. "धरल्या पेशी," डॉक्टर हसून म्हणाल्या. "आता सांगा त्यांना."

केतकी चहा घेऊन गेली. तो व्हरांड्यात उन्हाला बसला होता.

"तुषार, मी कोण माहीत आहे?"

"म्हणजे काय! तुम्ही सिस्टर. रोज शेजारी बसता. काल निळी साडी होती तुमची."

साडी लक्षात होती! तिला हसू फुटलं, डोळेही भरले. "सिस्टर नाही रे. मी केतकी. तुझी बायको."

त्याने कप खाली ठेवला.

"बायको होती मला," तो म्हणाला. "तिकडं माळावर. वळणावळणावर लिहून ठेवायची. चष्मा पूस, कठडा धर. असं बायकोशिवाय कोण लिहितंय? एक दिवस बघतो तर दगड कोरा. पुढचा कोरा. ओढ्यापर्यंत गेलो, सगळे कोरे. पावसात उभा राहिलो तिच्यासाठी. नाही आली. गेली मला सोडून."

"अरे, ती मीच! मीच पुसलं ते, तू बरा व्हावास म्हणून."

एखाद्या पेशंटची समजूत काढावी तसं त्याने तिच्याकडे पाहिलं.

"तुम्ही मायाळू आहात, सिस्टर. मला बरं वाटावं म्हणून बोलता. पण मी पडायचो तेव्हा तुम्ही शेजारी बसून बघत होता. ती असती तर तिनं मला पडू दिलं नसतं."

केतकी उठली ती तडक डॉक्टरांच्या खोलीत गेली. सगळं ऐकून डॉक्टर मुजावरांचा चेहरा उतरला.

"सवय मेंदूच्या दुसऱ्या भागात असते, ताई. तो भाग काकांचा शाबूत आहे. वळणावर खूण असणार, ही त्याला लागलेली सवय. खुणा गेल्या तेव्हा पहिला अपेक्षाभंग तोच झाला, आणि सगळ्यात मोठा. नव्या पेशींनी आधी तेच धरलं."

"मग पुसा ते."

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

"बरं, मी पुन्हा लिहिते."

"लिहा. पण परत आली तरी ती सोडून गेली होती, हे त्यांच्या मनातून जायचं नाही. ते टिकावं म्हणूनच तर हे सगळं केलं आपण."

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकी चहा घेऊन व्हरांड्यात गेली. तिला पाहताच तुषारने ओळखलं. शेजारची खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाला, "या सिस्टर, बसा. काल तुम्ही मधेच उठून गेलात. मी सांगत सांगत ओढ्यापर्यंत आलो होतो बघा."

आणि तिथून पुढे त्याने तिला सांगायला सुरुवात केली, बायको आपल्याला कशी सोडून गेली ते.